तिसऱ्या माणसाची जागा

हैदराबादेतील आबिड्स हा चौक ज्या अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून ओळखला जाऊ लागला, ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगीत नोकरीस होते, आणि धन्याच्या कृपाछत्राखाली त्यांनी येथे दुकान थाटले. दुकान कधीच बंद झाले, नाव तेवढे राहिले. आणि आज रविवारी त्या नावाच्या रस्त्यावर फरसबंदीवर मांडलेली जुनी पुस्तके चाळण्यासाठी जी गर्दी लोटते, तिला आपण कोणत्या इतिहासाच्या मधोमध उभे आहोत याची कल्पना असण्याचे कारण नाही. येथून कोटीच्या बाजूने थोडे चालत गेले की पूर्वीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीची स्तंभयुक्त इमारत लागते. तिच्यापुढे मुसी नदीच्या काठी अफझलगंज. आणि उलट दिशेने हुसेनसागर ओलांडला की बेगमपेठ. माणसाच्या देहावर प्रयोग करावयाचा झाल्यास त्या माणसाच्या रक्षणासाठी सरकारने कोणते नियम घालावेत, हा प्रश्न जगातील सरकारांना पडू लागण्याच्या किंचित आधीचा काळ पाहावयाचा असेल, तर तो एवढ्या टापूत, या एकाच निजामाच्या कारकिर्दीत, जवळून पाहावयास मिळतो.

त्या काळी रेसिडेन्सीचे सर्जन, निजाम सरकारच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख आणि अफझलगंज रुग्णालयाचे अधिकारी, अशी तिन्ही पदे एडवर्ड लॉरी या एकाच गृहस्थाकडे होती. भुलीसाठी क्लोरोफॉर्म देताना रोगी दगावतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, या वादाने विलायतेतील शस्त्रवैद्यांत दोन तट पडले होते, आणि लॉरी हे ‘श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका’ या पंथाचे कट्टर अनुयायी होते. आपला पक्ष सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८८८ मध्ये निजाम सरकारच्या खर्चाने एक कमिशन बसविले. कुत्र्यांवर प्रयोग झाले, आणि निकाल अर्थातच लॉरींच्या बाजूने लागला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका काढताच निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि तुमचा माणूस पाठवा असे कळविले. त्याप्रमाणे लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ मध्ये हैदराबादेस आले, दुसरे कमिशन बसले, शेकडो जनावरांवर पुन्हा प्रयोग झाले, आणि विरुद्ध मताने आलेले ब्रंटनसाहेब लॉरींचे मत पत्करून परत गेले. याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जातात. पुढे १९११ मध्ये लेव्ही या संशोधकांनी हलक्या क्लोरोफॉर्मच्या अंमलाखाली हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते हे दाखविले, आणि हैदराबादच्या दोन्ही कमिशनांचा सिद्धांत ढासळला. मला या प्रकरणातली एक गोष्ट विशेष वाटते. शास्त्रीय सत्याच्या तपासासाठी एक त्रयस्थ माणूस हवा, तो पक्षकारांपैकी नसावा, आणि त्याचा खर्च दरबाराने सोसावा, एवढे शहाणपण १८८९ मध्ये सर्वांना होते. अफझलगंजच्या मेजावर पडलेल्या रोग्याच्या वतीने असाच एखादा त्रयस्थ हवा, हे मात्र ना दरबाराला सुचले, ना लॅन्सेटला.

आता बेगमपेठ. तेथील ज्या लहानशा इमारतीत आज उस्मानिया विद्यापीठाची रोनाल्ड रॉस यांच्या नावाची परोपजीवीशास्त्राची संस्था आहे, तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना चट्ट्यापट्ट्यांच्या पंखांच्या एका डासाच्या जठरभित्तीत काळ्या कणांनी भरलेल्या पेशी दिसल्या, हिवतापाचे कोडे सुटण्याच्या मार्गास लागले, आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तो डास चार दिवसांपूर्वी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेला होता. मच्छरदाणीत बसून अंगाला डास डसू द्यावयाचे आणि दर डासामागे एक आणा घ्यावयाचा, असा हा सौदा होता. दहा डासांचे दहा आणे हुसेन खानाला मिळाले. रॉस यांच्या टिपणवहीत त्याचे नाव आहे, डासांचा हिशेब आहे, आण्यांचा हिशेब आहे. याहून अधिक काही असण्याची त्या काळी रीतच नव्हती, आणि रॉस यांना निर्दय ठरविण्याचा माझा हेतूही नाही. हुसेन खानाला हिवताप आधीच होता, डासांनी त्याचे नवे नुकसान काही केले नाही. परंतु त्याच रॉस यांनी दोन वर्षांपूर्वी बेगमपेठेलगतच्या सिकंदराबादेत मेलेले डास असलेले पाणी निरोगी माणसांना पाजून पाहिले होते, कारण डास पाण्यात मरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला हिवताप होतो असा त्यांचे गुरू मॅन्सन यांचा कयास होता. पाणी पिणाऱ्यांना पैसे मिळाले. कयास चुकीचा निघाला, म्हणून ते बचावले असे म्हणावयाचे. तो बरोबर निघता तर निरोगी माणसाला जाणूनबुजून ताप दिल्याचा जाब कोणी कोणाला विचारला असता?

१८९७ हे वर्षच मोठे विलक्षण होते. त्या जानेवारीच्या १० तारखेला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि महिना संपण्याच्या आत भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचली, उरलेल्यांना तुलनेसाठी तसेच ठेवले. स्वतःच्या दंडात सुई आधी घालून घेणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणी संशय घेणार नाही. पण कैद्याच्या राजीखुशीला कितपत किंमत द्यावयाची, हा प्रश्न त्या प्रामाणिकपणाने सुटत नाही. बाहेर साथ, आत साथ, आणि समोर सुई घेऊन उभे राहिलेले सरकार. अशा कोंडीत ‘हो’ म्हणणाऱ्याचे ‘हो’ हे होकार असते की नाइलाज असतो, हे बाहेरून आलेल्या माणसाने शांतपणे विचारल्यावाचून कळावयाचे नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जर घरोघर शिरत होते, आणि जूनमध्ये त्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याचा खून झाला. ज्या सरकारवर लोकांचा भरवसा उरलेला नाही, त्या सरकारच्या डॉक्टरापुढे लोक दंड पुढे करीत नाहीत, हा अनुभव रॉस यांना पुढच्याच वर्षी कलकत्त्यास आला. प्लेगच्या धास्तीने रक्त तपासून घ्यायला पैसे देऊनही माणसे मिळेनात.

लेखी करार करून माणसावर प्रयोग करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन लष्करातील वॉल्टर रीड यांना दिले जाते. १९०० साली हवाना येथे पीतज्वराच्या प्रयोगांसाठी त्यांनी स्पॅनिश स्थलांतरितांशी त्यांच्याच भाषेत करारनामे केले. प्रयोगात भाग घेतल्याबद्दल शंभर डॉलर सोन्यात आणि ताप आलाच तर आणखी शंभर. दहा आण्यांशी ताडून पाहता ही रक्कम मोठी, आणि जिवाला धोका आहे हे करारात स्पष्ट लिहिलेले, हे तर त्याहून मोठे. परंतु हाही शेवटी दोघांतलाच करार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रशियाच्या सरकारने काढलेला हुकूम मला या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्रेस्लाऊच्या नायसर या त्वचारोगतज्ज्ञाने उपदंशाची संभाव्य लस म्हणून रुग्णालयातील स्त्रियांना, त्यांत वेश्याही होत्या, त्यांच्या नकळत रक्तद्रव टोचला होता. वृत्तपत्रांनी आरडाओरड केली, दंड झाला, आणि मग मंत्र्याने सर्व रुग्णालयांच्या प्रमुखांना फर्माविले की, अल्पवयीनांवर आणि परिणाम समजावून न सांगता कोणावरही असले प्रयोग करू नयेत, करावयाचे झाल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाने किंवा त्याच्या स्पष्ट परवानगीने करावेत, आणि या सर्व अटी पाळल्याची नोंद दप्तरी ठेवावी. माणसावरील प्रयोगांविषयी सरकारने काढलेल्या अगदी पहिल्या आदेशांत याची गणना होते. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये कोणीतरी जबाबदार माणूस उभा करण्याचा प्रयत्न प्रथम या कागदात दिसतो. आणि तो ज्या देशात झाला, त्याच देशाच्या डॉक्टरांवर पुढे न्युरेंबर्ग येथे खटला चालावा, हा इतिहासाचा क्रूर उपहास आहे. चांगले नियम दप्तरात असणे आणि ते अंमलात असणे यांमध्ये किती अंतर पडू शकते, त्याचा याहून भयानक दाखला नाही.

त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांना शिक्षा सुनावल्या गेल्या तो दिवस २० ऑगस्ट १९४७ चा, म्हणजे बेगमपेठेच्या त्या दिवसाला नेमकी पन्नास वर्षे झाली होती, आणि आबिड्सवर अजून हिंदी संघराज्याचा नव्हे, सातव्या निजामाचा अंमल होता. योगायोगच, पण लक्षात राहण्यासारखा. निकालपत्रात दहा कलमांची जी संहिता आली, तिने प्रयोगाधीन माणसाची स्वेच्छेची संमती ही अनिवार्य ठरविली. १९६४ मध्ये हेलसिंकी येथे जागतिक वैद्यक संघटनेने आपला जाहीरनामा काढला. तरीही अमेरिकेतील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही, रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी औषधावाचून ठेवण्याचा सरकारी उपक्रम १९३२ पासून १९७२ पर्यंत चालू राहिला. त्याच्या गौप्यस्फोटानंतर १९७४ चा कायदा झाला, १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, आणि संशोधनाआधी स्वतंत्र मंडळाची मंजुरी घेण्याचा शिरस्ता तेथे पक्का झाला.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या अध्यक्षतेखाली एक धोरणपत्र तयार केले. आणीबाणीत हेबियस कॉर्पसच्या खटल्यात एकट्याने भिन्नमत देणारे हेच ते खन्ना. सत्तेपुढे एकट्या पडलेल्या माणसाचा हक्क काय, हे ठरविण्यास याहून योग्य अध्यक्ष मिळणे अवघड होते. २००० मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या समितीने विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. हे सर्व कागद काळजीपूर्वक लिहिलेले आहेत. पण मार्गदर्शन आणि कायदा यांत फरक आहे, आणि कायद्याचा जो भाग होता, म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांचे परिशिष्ट ‘वाय’, ते नव्या औषधांच्या चाचण्यांपुरतेच लागू होते. त्यातच २००५ च्या सुधारणेनंतर परदेशी कंपन्यांना भारतात चाचण्या करणे सुकर झाले. रुग्ण विपुल, खर्च कमी, डॉक्टर इंग्रजी जाणणारे. आणि हैदराबाद तर औषधनिर्मितीची राजधानीच. ज्या गावचा तरुण कोटीतल्या औषधांच्या घाऊक दुकानात खोकी उचलतो, त्याच गावचा दुसरा एखादा तरुण चार दिवस एखाद्या चाचणी-केंद्रात राहून, रक्त देऊन, दिवाळीच्या खर्चाची सोय करतो, ही गोष्ट या शहरात गुपित राहिलेली नाही.

आणि मग खम्मम. हैदराबादेच्या पूर्वेस, तत्कालीन आंध्र प्रदेशातील या जिल्ह्यात, जुलै २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चौदा हजार मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. दुसरा असाच गुजरातेत, बडोदे जिल्ह्यात. सिॲटलची पाथ ही संस्था, वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांचा हा संयुक्त उपक्रम होता, लशी उत्पादकांनी फुकट दिल्या होत्या, आणि पाथच्या मते ही चाचणी नव्हतीच, मान्यताप्राप्त लस लोकांपर्यंत कशी पोहोचवावी याचा तो अभ्यास होता. खम्ममच्या मुलींत आदिवासी मुली पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेक सरकारी वसतिगृहांत राहणाऱ्या. दोन्ही राज्यांत मिळून सात मुली दगावल्या, महिला संघटनांनी आवाज उठविला, आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. सरकारी चौकशी समितीला मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस पुढे जगभर स्वीकारली गेली आहे. म्हणून लशीला दोष देणे हा या प्रकरणाचा विपर्यास होईल. दोष निराळाच होता, आणि तो संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या आपल्या बहात्तराव्या अहवालात उघडा केला. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रे तपासली तेव्हा १,९४८ वर केवळ अंगठे होते, आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या.

या वॉर्डनकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. तो खलनायक नव्हे. मुलींच्या जेवणाचा तांदूळ, हजेरीपट, तापाची गोळी, सुटीचा दाखला, हे सारे त्याच्याच सहीने चालते, वरून कागद आला, सरकारी योजना आहे, लस चांगली आहे, सह्या करून पाठवा, त्याने केल्या. पालकांनी त्याला असा काही लेखी अधिकार दिला होता का, हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्यालाही ते सुचले नाही. सरकारच लस देणारे, सरकारच शाळा चालविणारे, सरकारच मुलीच्या वतीने होकार देणारे, असा तो कारभार झाला. अफझलगंजच्या लॉरींच्या हाती जशी तिन्ही पदे होती, तशी येथे तिन्ही भूमिका एकाच दौतीतून लिहिल्या गेल्या. आणि मुलीचा बाप तिकडे भद्राचलमच्या पलीकडे कोठे तरी तेंदूची पाने गोळा करीत असेल, तर त्याच्यापर्यंत तो कागद पोहोचण्याचे कारणच उरले नाही. चाचणी की अभ्यास हा शाब्दिक वाद संसदीय समितीने मान्य केला नाही, आणि योग्यच केले. मुलीच्या दंडाला तो फरक कळत नसतो.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा विषय दुसऱ्या वाटेने, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेच्या २०१२ मधील याचिकेने पोहोचला. त्यात सरकारने दिलेली माहिती अशी की, २००५ च्या आरंभापासून २०१२ च्या मध्यापर्यंत नव्या रासायनिक औषधांच्या ४७५ चाचण्यांत २,६४४ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील ८० मृत्यू चाचणीमुळे झाले. कर्करोगाच्या किंवा हृदयरोगाच्या चाचणीत रोगानेच मरणारे असतात, हे खरे. पण २,६४४ मधून ८० वेगळे काढले ते कोणी, असा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडेल, आणि त्या काळी हा निवाडा बव्हंशी चाचणी करणाऱ्यांच्याच अहवालावर अवलंबून होता. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर २०१३ मध्ये सरकारने भराभर नियम काढले: नीतिसमित्यांची नोंदणी सक्तीची, नुकसानभरपाई सक्तीची, आणि संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य मुद्रण. या शेवटच्या नियमाने रुग्णालयांत मोठी खळबळ माजली. एड्सच्या आणि कुष्ठरोगाच्या रोग्यांचे चेहरे कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून त्यांच्यापुरते केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे ठरविण्यात आले, आणि २०१५ मध्ये चित्रीकरणाची सक्ती दुर्बल गटांतील माणसांवरील नव्या रासायनिक औषधांच्या चाचण्यांपुरती राहिली. हे सर्व २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत एकत्र आले.

भरपाईचे गणित तर या नियमावलीतील सर्वांत कुतूहलजनक स्थळ आहे. आठ लाख रुपये ही मूळ रक्कम. तिला माणसाच्या वयाच्या अंकाने गुणावयाचे, मग तो किती धोक्यात आधीच होता त्याच्या अंकाने गुणावयाचे, आणि ९९.३७ ने भागावयाचे. हा वयाचा अंक कारखान्यातील मजूर कामावर मेला तर त्याच्या वारसांना काय द्यावे हे ठरविणाऱ्या जुन्या कामगार-भरपाई कायद्यातून उचललेला आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसाचा अंक ९९.३७, सोळा वर्षांच्या मुलाचा २२८.५४. मरणासन्न रोग्याचा धोक्याचा अंक अर्धा, धडधाकट स्वयंसेवकाचा चार. म्हणून या सूत्राने भरपाई साधारण चार लाखांपासून साडेत्र्याहत्तर लाखांपर्यंत जाते. मरणोन्मुख म्हाताऱ्याचा जीव निरोगी पोराच्या जिवाच्या अठरा पटींनी स्वस्त, असे हे कोष्टक सांगते, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. परंतु असे कोष्टक नव्हते तेव्हा रक्कम ठरविणारी कंपनी असे, आणि पुष्कळदा ती शून्य ठरवी. गंभीर अपाय झाल्यास संशोधकाने चोवीस तासांत कळवावयाचे, नीतिसमितीने तीस दिवसांत आपले मत द्यावयाचे, आणि शेवटचा हुकूम केंद्रीय परवाना प्राधिकरणाने काढावयाचा, असा क्रम आता आहे. दोघांच्या सौद्यात तिसरा, चौथा, पाचवा असे शिरले आहेत.

त्यांतला खरा तिसरा म्हणजे नीतिसमिती, जिला रुग्णालयात सर्वजण एथिक्स कमिटीच म्हणतात. निदान सात सभासद, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे तरी बाहेरचे, एक स्त्री, एक कायदेपंडित, एक समाजशास्त्रज्ञ, आणि एक सामान्य नागरिक. हा सामान्य नागरिक फार महत्त्वाचा गडी आहे. तो डॉक्टर नसावा, एवढीच त्याची पात्रता; आबिड्सच्या आसपास राहणारा एखादा निवृत्त मराठी मास्तर त्या जागी सहज शोभेल. बाकीचे सभासद औषधाच्या मात्रेवर आणि रक्तचाचण्यांच्या वेळापत्रकावर बोलत असता, त्याने समोरचे वीस पानी माहितीपत्रक उघडून विचारावे: यात ‘यादृच्छिक विभागणी’ असे लिहिले आहे, ते ज्याच्याकडून सही घ्यावयाची त्याला कसे कळणार? ‘आपल्याला कोणते औषध मिळेल ते नाणे उडवून ठरेल’ असे का लिहीत नाही? हे पत्रक तेलुगूत आहे आणि उर्दूत आहे. नांदेडहून किंवा लातूरहून आपल्या आईला घेऊन हैदराबादेत उपचारास येणारी माणसे या दवाखान्यात रोज दिसतात, त्यांना तुम्ही काय देणार? निरक्षर माणसाचा अंगठा घेताना जो त्रयस्थ साक्षीदार लागतो, तो तुमच्याच खात्याची परिचारिका असेल, तर तो त्रयस्थ कसा? असे विचारणारा माणूस बैठकीत असला, तर डॉक्टर मंडळी थोडी कुरकुरतात आणि मग पत्रक दुरुस्त करून आणतात. तो नुसता चहा पिऊन सही करणारा निघाला, तर समिती नावापुरती उरते. नियम त्याच्यासाठी खुर्ची मांडू शकतो. त्याला तोंड देऊ शकत नाही.

आणि ज्या बाबतीत सर्वांनी तोंड उघडले, सर्व मंजुऱ्या घेतल्या, तरीही मन साशंक राहावे, असे एक उदाहरण निजामाच्याच जुन्या मुलुखातील मराठी जिल्ह्याचे आहे. ज्याला सातव्या निजामाचे नाव मिळाले होते आणि जो आता धाराशिव म्हणून ओळखला जातो, त्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास झाला; मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. खेड्यांचे ५२ समूह पाडून चार गट केले: तीन गटांत तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था. खेड्यातील नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नाही, हे वेगळे सांगावयास नको. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मरण पावल्या, आणि तपासणीवाचून ठेवलेल्या ३१,४८८ मध्ये ६४. एका चाचणीने मरण निम्म्यावर आणता येते हे सिद्ध झाले, आणि गरीब देशांच्या आरोग्यधोरणांवर त्याचा प्रभाव पडला. टीकाकारांनी विचारले, तपासणीने कर्करोग आटोक्यात येतो हे पाश्चात्त्य देशांत कधीच ठाऊक झाले असता, तुलनेसाठी एवढ्या स्त्रियांना तपासणीवाचून ठेवण्याची गरज काय होती? संशोधकांचे उत्तर असे की, या भागात तपासणी कोणालाच मिळत नव्हती, आम्ही कोणाकडून काही काढून घेतले नाही. उलट तीन गटांना जे मिळाले, ते अभ्यास नसता तर चौघांनाही मिळाले नसते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मी वारंवार तोलून पाहिले आहे, आणि संशोधकांच्या युक्तिवादाचे बळ मला नाकारता येत नाही. पण ‘नेहमीची व्यवस्था’ ही सरकारच्या दारिद्र्याने ठरावी आणि तीच मग शास्त्राची मोजपट्टी व्हावी, हे मला पटत नाही. हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात प्रस्थापित उपाय उपलब्ध असता तुलनागटाला काही न देण्यास जो मज्जाव आहे, तो नेमका याच युक्तिवादाला उद्देशून आहे. आणि ‘उपलब्ध’ म्हणजे जगात उपलब्ध की बार्शीजवळच्या वस्तीवर उपलब्ध, यावर आंतरराष्ट्रीय परिषदांत अजून एकमत नाही. अशा वेळी नीतिसमितीतील तिसरा माणूस कायद्याचे पुस्तक उघडून उत्तर शोधू शकत नाही. त्याला स्वतःचे मत द्यावे लागते, आणि ते कार्यवृत्तात नोंदवावे लागते.

हा तिसरा माणूस खरोखर तिसरा राहतो का, याबद्दलही शंका घेण्यास जागा आहे. समिती ज्या रुग्णालयाची, त्याच रुग्णालयाला चाचणीचे पैसे मिळतात. समितीची तपासणी-फी चाचणी करणारी कंपनीच भरते. सरकारने २०१९ पासून औषधचाचण्यांबरोबरच इतर वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या समित्यांनाही आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावयास लावली आहे, आणि चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही तर २००७ पासून कोणालाही पाहता येते. २००९ पासून त्यात नाव घातल्यावाचून औषधाची चाचणी सुरू करता येत नाही. हैदराबादेतील कोणत्याही केंद्राचे नाव घालून ती नोंदवही चाळली, तर कोणत्या औषधाची चाचणी चालू आहे, प्रायोजक कोण, आणि कोणत्या समितीने कोणत्या तारखेला मंजुरी दिली, हे आबिड्सच्या एखाद्या सायबर कॅफेत बसूनही वाचता येते. सहीच्या कागदाची एक प्रत भाग घेणाऱ्या माणसाच्या हाती द्यावयाची, आणि तिच्यावर समितीचा दूरध्वनी छापावयाचा, असाही नियम आहे. आणि तो क्रमांक खरोखर कोणी उचलतो की नाही, हे समितीच्या सभासदांनी अधूनमधून स्वतःच फिरवून पाहावयास काही हरकत नसावी.